बाहेर काढलेली माणसं : एक्केचाळीस

सत्तावीस वर्षं मी दारं आणि माणसं मोजली आणि त्याचा मला पगार मिळाला. आमच्या महाराष्ट्र मंडळात हे कुणाला खरं वाटत नाही. टेक्सासमधल्या प्लेनोच्या आसपास राहणारा मराठी माणूस एकतर सॉफ्टवेअरमध्ये असतो, नाहीतर सॉफ्टवेअरमधल्या कुणाशी तरी लग्न झालेला असतो. मी दुसऱ्या प्रकारातली. पण नागपूरला सिव्हिल इंजिनिअरिंग केलेलं अंगात होतं, त्यामुळे इथल्या एका लहानशा शहराच्या बांधकाम खात्यात चिकटले ती निवृत्त होईपर्यंत. पिकनिकला कुणी विचारतं, "काकू, तुम्ही काय करत होता?" मी म्हणते, "बिल्डिंग इन्स्पेक्टर." की लगेच विचारणारा आपल्या घरामागच्या विनापरवाना लाकडी डेकचा विषय निघू नये म्हणून भेळेची चौकशी करायला लागतो.

काम सोपं आहे, सांगते. कुठल्याही इमारतीत आग लागली तर आतली सगळी माणसं जिवंत बाहेर यायला हवीत. म्हणून आत किती माणसं मावतात ते काढायचं, आणि त्यांना पुरतील इतकी दारं आहेत का ते बघायचं. पन्नासपेक्षा कमी माणसं असतील तर एक दार चालतं. पुढे पाचशेपर्यंत दोन, त्याच्यावर तीन. हिशोब जमला की वापराचा परवाना द्यायचा. नाही जमला तर दारावर लाल कागद चिकटवायचा. लाल कागद चिकटवणाऱ्या बाईला लोक दिवाळीच्या फराळाला बोलावतात, पण मनापासून नाही.

हे सगळं आठवायचं कारण बलवंतसिंगांचा फोन. आमच्या शहरातल्या गुरुद्वाऱ्याचे ते पहिल्यापासूनचे सेक्रेटरी. आयुष्यभर मोठा ट्रक चालवला, आता ऐंशीच्या घरात आहेत.

"मैडमजी, नई बिल्डिंग में हिस्ट्री की दीवार बना रहे हैं. हमारे पास तो ज़्यादा कुछ है नहीं. फोटो गिनी-चुनी, काग़ज़ ना के बराबर. हमारी सारी हिस्ट्री तो आपकी फाइल में है."

आणि ते खरंच होतं. मोठ्या शहरांतल्या गुरुद्वाऱ्यांवर पुस्तकं निघतात, आमच्या गुरुद्वाऱ्याचा इतिहास म्हणजे तक्रारी, नोटिसा आणि नामंजूर झालेले नकाशे. त्यातले बरेच मीच नामंजूर केलेले.

सुरुवात एका गॅरेजपासून झाली. मी नोकरीत नवी होते. माझा साहेब डग, मूळचा टेक्सासच्या कुठल्याशा गुरांच्या गावातला, सहा फूट तीन इंच, पायात कायम काउबॉय बूट. त्याने एक तक्रारीचा कागद माझ्यापुढे सरकवला. शेजाऱ्याने लिहिलं होतं: या घरासमोरच्या हिरवळीवर दर रविवारी ऐंशीच्या आसपास बूट असतात, आत काय चालतं कळत नाही, वास मात्र फार चांगला येतो.

डग म्हणाला, "हे तुमच्याच लोकांचं असणार. तू जा."

मी त्याला समजावायला गेले की आमचे वेगळे आणि हे वेगळे. मग मनात म्हटलं, हिरवळीवर बूट काढून आत जाणारे म्हणजे तसे आमचेच की.

रविवारी सकाळी गेले. आत शिरण्याआधी बूट मोजले. ही माझी पद्धत नंतर खात्यात प्रसिद्ध झाली, पण सुरुवात त्या दिवसाची. ब्याऐंशी बूट, म्हणजे एक्केचाळीस माणसं. गॅरेजचा मोठा दरवाजा आतून भिंत घालून बंद केलेला, त्यावर सुंदर पडदे. ये-जा करायला स्वयंपाकघरातून एकच अरुंद दार आणि त्या दाराशी गॅसची शेगडी, तिच्यावर डाळीचं पातेलं. आग लागली असती तर डाळीसकट सगळे आत राहिले असते. मी लाल कागद काढला आणि लिहायला लागले.

बलवंतसिंग पुढे आले. तेव्हा त्यांची दाढी काळी होती. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, "हम तो निकल जाएँगे जी. पर महाराज को अकेले अंदर कैसे छोड़ें?"

महाराज म्हणजे गुरु ग्रंथसाहिब. शीख माणूस त्यांना पुस्तक मानत नाही, हयात गुरू मानतो. त्यांना उन्हात पंखा लागतो, थंडीत शाल लागते, रात्री निजायला वेगळी खोली लागते. त्यांना हलवायचं तर कुणीतरी डोक्यावर घेऊन जायचं, पुढे कुणी पाणी शिंपडायचं, मागे चवरी ढाळायची आणि सगळ्यांनी सोबत चालायचं. मी म्हटलं, ठीक आहे, थांबते. एका बाईने मला खूण केली, डोकं झाका. ओढणी नव्हती, गाडीत होतं ते पिवळं हेल्मेट घातलं. तर अशी मिरवणूक निघाली: गॅरेजमधून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून दिवाणखाना. दार धरून उभी मी, डोक्यावर हेल्मेट, हातात लाल कागद. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, देवाला घराबाहेर काढायची नोकरी तेवढी बाकी होती.

कागदावर एक रकाना असतो: बाहेर काढलेली एकूण माणसं. मी लिहिलं, एक्केचाळीस.

बलवंतसिंगांनी खांद्यावरून वाचलं. "बयालीस लिखिए जी."

"बूट तो एक्केचाळीस जोड़ी हैं," मी म्हटलं. माझं हिंदी नागपूरचं.

"महाराज जूते नहीं पहनते, मैडमजी."

मला हसू आलं आणि मी ते दाबलं. नवी नोकरी, नियमाची भीती. सरकारी कागदावर ग्रंथाला माणूस कसं लिहायचं? मी एक्केचाळीस तसंच ठेवलं. सही केली, गॅरेजच्या मोठ्या दरवाजावर बाहेरून कागद चिकटवला आणि निघाले. बलवंतसिंग चहा घ्या म्हणाले. मी तोही घेतला नाही, कारण अर्जदाराच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही असा आमच्याकडे नियम, आणि मी नियमाची पक्की. नवरा, श्रीकांत, नेहमी म्हणतो, हिच्यापुढे लाल सिग्नलसुद्धा अटेन्शनमध्ये उभा राहतो.

त्यानंतर कित्येक वर्षं ती मंडळी या घरातून त्या घरात फिरत राहिली. दर रविवारी वेगळा दिवाणखाना, दर रविवारी महाराजांची सवारी कुणाच्या तरी मिनीव्हॅनमधून. मला रस्त्यात बलवंतसिंग दिसले की मी उगीचच रेडिओचा आवाज वाढवायचे.

मग एके दिवशी त्यांचा अर्ज टेबलावर आला. त्यांनी बंद पडलेली बोलिंग ॲली विकत घेतली होती. तुम्ही गेला असाल तर आठवेल, बोलिंग खेळायला जाताना आपले बूट काउंटरवर द्यायचे आणि त्यांचे घालायचे. काउंटरमागे भिंतभर नंबर घातलेले कप्पे. बाहेरचे बूट काढून ठेवायची एवढी जंगी व्यवस्था साऱ्या अमेरिकेत एक बोलिंगवाल्यांकडे, नाहीतर आपल्या देवळांकडे. बलवंतसिंग म्हणाले, "मैडमजी, बाकी बिल्डिंग हमने देखी ही नहीं. जूताघर देखा और हाँ कर दी."

अर्जात एक प्रश्न होता: आसनसंख्या किती? चर्चमध्ये बाकं असतात, त्यावरून गाड्यांच्या जागा, दारं, सगळं ठरतं. बलवंतसिंगांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं: शून्य. गुरूंपुढे खुर्चीवर बसायचं नाही, सगळे जमिनीवर. आमच्या कॉम्प्युटरने शून्य वाचलं आणि ताबडतोब कळवलं की या इमारतीला एकाही दाराची गरज नाही.

माझ्या जागी दुसरा कुणी असता तर अर्ज पास होऊन गेला असता. पण मी मांडी घालून जेवणाऱ्या घरातली. मला ठाऊक होतं, खुर्च्या नसल्या की माणसं कमी नाही, जास्त मावतात. मी हातानं हिशोब केला. हॉलची बसायची जागा छत्तीसशे चौरस फूट, माणशी सात फूट. पाचशे चौदा. पाचशेच्या वर तीन दारं हवीत. बोलिंग ॲलीला दोनच होती. मी परवाना अडवला.

तिसरं दार पाडायचं तर सिमेंटच्या भिंतीतून. नकाशे, मंजुरी, काम, सगळं धरून दोन महिने. हिशोब जमेपर्यंत आमच्याकडे तात्पुरता परवाना एकाच प्रकारचा, तो दिला: एका वेळी फक्त एकोणपन्नास माणसं. मोजायला बलवंतसिंगांना माझ्याकडचं टिकटिक करणारं यंत्र दिलं, दाबलं की आकडा पुढे जातो ते.

आठवडाभराने ते आमच्या खात्याच्या खिडकीशी आले. पगडी नेहमीसारखी टापटीप, पण हात टेबलावर टेकलेले.

"मैडमजी, जसलीन की शादी है. शनिवार को. चार सौ लोग आ रहे हैं."

जसलीन त्यांची एकुलती एक मुलगी.

"इसी शनिवार को?"

"कार्ड छप गए थे जी. हमने सोचा, शून्य लिखा है, जल्दी हो जाएगा."

लग्न महाराजांच्या साक्षीनेच लागतं, त्यांच्याभोवती चार फेरे. आणि महाराजांना हॉटेलच्या मेजवानीच्या हॉलमध्ये न्यायचं नाही, तिथे दारू पितात. दिवाणखान्यात चारशे माणसं मावत नाहीत. म्हणजे गुरुद्वारा नाही तर लग्न नाही. बलवंतसिंगांची मुलगी लहानपणापासून दुसऱ्यांच्या दिवाणखान्यात माथा टेकवत वाढलेली, आणि तिचं लग्न मोडणार होतं माझ्या चौदा माणसांपायी. घरी श्रीकांत म्हणाला, "अगं, चौदा माणसं इकडे तिकडे ॲडजस्ट कर ना यार! कोण काउंट करणारेय?" मी म्हटलं, "मी." त्या दिवशी माझ्या हातून आमटीत दोनदा मीठ पडलं.

बुधवारी संध्याकाळी मी मुद्दाम प्रार्थनेच्या वेळी गेले. दाराबाहेर बलवंतसिंग एकटे, हातात यंत्र. यंत्रावर अठ्ठेचाळीस.

"अभी एक और चलता है ना," मी म्हटलं. "आप क्यों बाहर?"

"अड़तालीस और महाराज, उनचास. फुल है जी."

म्हणजे रोज एक माणूस बाहेर राहत होता, आणि तो रोज हाच होता. मी डोक्याला ओढणी गुंडाळली आणि दारातून आत बघत उभी राहिले.

तेव्हा मला ते दिसलं. दारापासून महाराजांपर्यंत सहा फूट रुंद, साठ फूट लांब पट्टा मोकळा. कुणी येई, त्या पट्ट्यावरून सरळ चालत जाई, माथा टेकवी, मग बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला जाऊन बसत. पट्ट्यावर कुणीही बसत नव्हतं. जिथे कुणी बसत नाही ती बसायची जागा कशी? तीनशे साठ चौरस फूट वजा. मी हातावरच लिहिलं: चारशे बासष्ट. दोन दारं पुरे.

डग ऐकेना. "आज बसत नाहीत. लग्नात गर्दी झाली की बसतील. माणसं ती माणसंच."

"हे नाही बसणार."

"कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "तू ये आणि बघ."

गुरुवारी संध्याकाळी डग आला. त्याचे बूट निघायला दहा मिनिटं लागली, दोन माणसं आणि एक बाक लागलं. डोक्याला कुणीतरी केशरी रुमाल बांधला. आत गेला, पाच मिनिटं उभा राहिला. डगचा डावा गुडघा वाईट. त्याने इकडे तिकडे पाहिलं, सगळीकडे माणसं, समोर मात्र लांबलचक मोकळी जागा, छान गालिचा. आणि माझा साहेब त्या पट्ट्याच्या मधोमध, शहराचं ओळखपत्र गळ्यात घालून, फतकल मारून बसला.

मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा एक जेमतेम पाच फुटी आजीबाई त्याच्या डोक्याशी उभ्या होत्या. "उठ पुत्तर. रस्ता छड्ड." डगला पंजाबी येत नव्हतं, पण उठायचंय हे कळलं. दुसऱ्या बाजूने आणखी एका बाईने दंड धरला, आणि दोघींनी मिळून शहराच्या मुख्य बांधकाम अधिकाऱ्याला उचलून भिंतीशी नेऊन ठेवलं. एकीने त्याच्या गुडघ्याखाली उशीही सरकवली.

बाहेर येऊन डगने घड्याळ बघितलं. "नऊ सेकंद," तो म्हणाला. "आमच्या अग्निशमन दलाला इतकी जागा मोकळी करायला चार मिनिटं लागतात." आणि गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. एक अट घातली, पट्टा कायमचा आखून ठेवायचा. बलवंतसिंग म्हणाले, "वो तो पहले दिन से खिंचा हुआ है जी." मी त्याचं भाषांतर केलं: अट मान्य आहे.

शनिवारी पहिला मोठा कार्यक्रम म्हणून दाराशी इन्स्पेक्टर हवा होता. यंत्र घेऊन मी उभी राहिले. लोक येतच होते. कार्ड चारशेंचं होतं, पण पंजाबी लग्नात कार्ड म्हणजे नुसता अंदाज. साडेचारशे झाले. चारशे साठ झाले. एक मावशी धापा टाकत आल्या, चारशे एकसष्ट. आत कीर्तन करणारे रागी गायला लागले. मी बघते तर बलवंतसिंग अजून बाहेर, पाहुण्यांचं स्वागत करायला उभे राहिलेले. त्यांनी माझ्या हातातलं यंत्र वाचलं आणि एक पाऊल मागे सरकले.

"फुल हो गया," ते म्हणाले. "महाराज को मिला के."

मुलीचं लग्न आत, बाप पार्किंगमध्ये, आणि मला माहीत होतं की हा माणूस खरंच तिथे उभा राहील. भांडणार नाही, मागणार नाही. माझाच लाल कागद त्याने इतकी वर्षं पाळला होता.

मी म्हटलं, "बलवंतसिंगजी, ये घर किसका है?"

"महाराज का."

"तो घरवाले को मेहमानों में गिनते हैं क्या? हमारे यहाँ तो नहीं गिनते. आपकी जगह बाकी है. चलिए, अंदर."

त्यांनी क्षणभर विचार केला. हिशोबात त्यांना खोट सापडली नाही. मग ऐंशी किलोचा तो माणूस जवळजवळ पळत आत गेला. मी यंत्र दाबलं. चारशे बासष्ट.

त्यानंतर लंगर, म्हणजे सगळ्यांसाठीचं जेवण, झालं. तीनदा माझ्यासाठी ताट आलं, तीनदा मी नियम सांगितला. शेवटी गाडीत बसून डब्यातलं गार थालीपीठ खाल्लं. बाहेर जिलेब्या तळत होते आणि मी खिडक्या वर करून घेतल्या.

निवृत्तीच्या निरोपसमारंभात शहराच्या वकीलबाई शेजारी बसल्या होत्या. बोलता बोलता हा किस्सा सांगितला. त्या म्हणाल्या, "पण जो येईल त्या प्रत्येकाला वाढलं जातं, ती लाच कशी होईल? ती सूट नियमात पहिल्यापासून आहे." मी डगकडे पाहिलं. तो गेली कित्येक वर्षं दर रविवारी तिथे जेवत होता. म्हणाला, "मला वाटायचं तुझा उपास असतो." आजवर इतकं नियमाने वागले, एक नियम तेवढा शेवटपर्यंत वाचला नाही.

तर गेल्या एप्रिलमध्ये नवीन इमारतीत गेले. पांढरा घुमट, चार दारं, हल्लीच्या पोरांनी काढलेले चोख नकाशे. आधी पंगतीत बसून पोटभर जेवले. डाळ तीनदा घेतली. तक्रार करणारा तो शेजारी खरं बोलला होता.

मग बलवंतसिंग काठी टेकत इतिहासाच्या भिंतीशी घेऊन गेले. सोबत जसलीन होती, आता दोन मुलांची आई. जुन्या मिनीव्हॅनचा एक फोटो, बोलिंगच्या कप्प्यावरची सतरा नंबरची पट्टी, लग्नाचे फोटो. आणि सगळ्यात आधी, काचेच्या चौकटीत, माझा लाल कागद. फाइलमधली नक्कल नव्हे, दारावर चिकटवलेला अस्सल, कोपरे फाटलेला. खाली लिहिलं होतं: आमचा पहिला कागद.

"निकालना मना था," बलवंतसिंग म्हणाले. "पता है. पर बारिश आ रही थी."

माझ्या तेव्हाच्या कोवळ्या अक्षरात लिहिलं होतं: बाहेर काढलेली एकूण माणसं, एक्केचाळीस. मी ते वाचत राहिले. लग्नाच्या दिवशी महाराज यजमान होते, तेव्हा मोजले नाहीत ते बरोबर. पण त्या रविवारी मी त्यांना राहत्या जागेतून बाहेर काढलं होतं. बाहेर काढलेल्यांच्या यादीत ते हवेच होते. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि जसलीनला कळू नये म्हणून मी चष्मा पुसला. तिला कळलंच.

"जसलीन बेटा, ये काँच खुलता है?"

"शुअर, आंटी. व्हाय?"

तिने चौकट उतरवली, मागचे खिळे वाकवून कागद काढला. सरकारी कागदावर चूक दुरुस्त करायची रीत ठरलेली आहे. खाडाखोड नाही, पांढरा रंग नाही. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ, बरोबर आकडा वर, बाजूला सही आणि तारीख. मी पर्समधून पेन काढलं आणि तसंच केलं.

बलवंतसिंगांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "बहुत टाइम लग गया, मैडमजी."

"सरकारी काम है, बलवंतसिंगजी," मी म्हटलं. "टाइम तो लगता है."